कामावरून कमी केलेल्यांचा अखेरचा हिशेब दोन दिवसांत मिळावा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नोकरी सुटलेल्या माणसाचा अखेरचा हिशेब, ज्याला कारखान्यांतून आणि हॉटेलांतून सगळेजण 'फुल अँड फायनल' म्हणतात, किती दिवसांत द्यायचा असतो याबद्दल आपल्या कोकणात एक चुकीची समजूत घट्ट रुजलेली आहे. कोणालाही विचारा, "४५ दिवस लागतातच" असे उत्तर मिळते. सांगणारा कामगार असो, सुपरवायझर असो की एचआरमधला नवा मुलगा, तो हे एखादा नियम सांगावा तसे सांगतो. मी २८ वर्षे एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात आणि नंतर लेखा विभागात पगारपत्रके केली. कामावरून कमी केलेल्या, राजीनामा दिलेल्या, निवृत्त झालेल्या कितीतरी जणांचे अखेरचे हिशेब माझ्या हातून झाले. त्या अनुभवावरून मी जबाबदारीने लिहितो की, या ४५ दिवसांना कोणत्याही कायद्याचा आधार नाही. ती केवळ कंपन्यांची सोय आहे आणि ती इतकी वर्षे चालली की लोकांना तोच कायदा वाटू लागला.

कायदा काय सांगतो ते आधी स्पष्ट करतो. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमातच अशी तरतूद होती की, मालकाने कामावरून कमी केलेल्या माणसाची कमावलेली मजुरी त्या दिवसापासून दुसरा कामाचा दिवस संपण्याच्या आत दिली पाहिजे. म्हणजे ही मुदत स्वातंत्र्याच्याही आधीची आहे. मात्र त्या कायद्याला पगाराची मर्यादा होती, ती २०१७ पासून महिना २४,००० रुपये होती, आणि स्वतःहून राजीनामा देणाऱ्याला ही दोन दिवसांची तरतूद लागू नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहिता, २०१९ ने या दोन्ही उणिवा दूर केल्या. संहितेच्या कलम १७ प्रमाणे कामावरून काढलेला, बडतर्फ केलेला, छाटणीत गेलेला, आस्थापना बंद पडल्यामुळे बेकार झालेला आणि राजीनामा दिलेला, अशा सर्वांचे वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे आहे आणि त्यासाठी पगाराची कोणतीही कमाल मर्यादा नाही. शुक्रवारी संध्याकाळी माणसाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितले आणि रविवारी सुट्टी असली, तर शनिवार आणि सोमवार हे दोन दिवस धरून सोमवारी त्याच्या खात्यात पैसे आले पाहिजेत, इतका हा हिशेब सरळ आहे.

हे पत्र लिहायला कारण झाले ते आमच्या वाडीतील एका तरुणाचे. खेड-चिपळूण पट्ट्यातील एका कारखान्यात तो सव्वासहा वर्षे कामाला होता. फेब्रुवारीतील एका शुक्रवारी पाळी संपताना त्याला ऑफिसात बोलावून कमी केल्याचे पत्र दिले. कमी करण्याचे कारण योग्य की अयोग्य, छाटणीची भरपाई त्याला लागू होते की नाही, हे वाद वेगळे आहेत आणि त्यात मी इथे शिरत नाही. ज्याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते तेवढेच पाहू. त्याचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २०,८०० रुपये होते, म्हणजे २६ दिवसांनी भागल्यावर दिवसाला ८०० रुपये. त्या महिन्यातले भरलेले ११ दिवस, त्यांचे ८,८०० रुपये. शिल्लक हक्काची रजा २१ दिवस, तिचे १६,८०० रुपये. एकूण २५,६०० रुपये, त्यातून भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसायकराची कपात. त्याच्या पडवीत बसून, त्याची शेवटची पगारपावती समोर ठेवून, वीजबिलाच्या पाठीमागे मी हा हिशेब मांडला तेव्हा मला दहा मिनिटेही लागली नाहीत. हे पैसे त्याला ७१ व्या दिवशी मिळाले.

त्या ७१ दिवसांत त्याच्या घरात काय झाले ते मी शेजारी म्हणून पाहिले आहे. कमी केल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत शिमगा आला. ग्रामदेवतेची पालखी दारात येणार, मुंबईहून भाऊ-वहिनी मुलांना घेऊन येणार, आणि घरातल्या कर्त्या माणसाच्या खात्यात काहीच नाही. त्याच्या बायकोने सोन्याच्या दोन बांगड्या पतसंस्थेत सोनेतारणाला ठेवल्या. वाण्याची वही महिनाभर वाढत गेली. हा मुलगा कारखान्यात सहा खेपा घालून आला. एसटीने जायला दीड तास, गेटवर सिक्युरिटीच्या केबिनपाशी थांबायचे, आतून फोन यायचा की संबंधित साहेब मीटिंगमध्ये आहेत किंवा फाइल मुंबईच्या ऑफिसला गेली आहे, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. ज्या गेटमधून सहा वर्षे तो कार्ड दाखवून आत जात होता, तिथे त्याला व्हिजिटरच्या वहीत नाव लिहावे लागले. "काका, पैशांपेक्षा त्याचं जास्त लागलं," असे तो मला म्हणाला.

आता विलंब का होतो, ते मी आतून पाहिलेले सांगतो. हिशेबाला वेळ लागत नाही. पगाराच्या संगणक प्रणालीत बाहेर पडण्याची तारीख घातली की आकडा समोर येतो. वेळ जातो तो 'नो ड्यूज'च्या, म्हणजे कामगाराकडे कंपनीचे काही येणे बाकी नसल्याच्या, फॉर्मवर सह्या गोळा करण्यात. स्टोअर, टूल रूम, कँटीन, सेफ्टी, सिक्युरिटी, टाइम ऑफिस, सोसायटी आणि शेवटी अकाउंट्स, अशा सात-आठ सह्या लागतात. स्टोअरकीपर रजेवर असला की फॉर्म त्याच्या टेबलाच्या खणात आठ दिवस राहतो. सेफ्टी ऑफिसर ऑडिटमध्ये असला की आणखी चार दिवस. बऱ्याच ठिकाणी या सह्या गोळा करायला त्या कामगारालाच लावतात, आणि एकदा कार्ड काढून घेतल्यावर त्याला आत जाता येत नसल्याने फॉर्म जागच्या जागी थांबतो. सगळ्या सह्या झाल्या तरी पैसे लगेच सुटत नाहीत; पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबर ते काढू, वेगळे चलन नको, असे वरून सांगण्यात येते. पगारपत्रक २५ तारखेला बंद होत असेल आणि फॉर्म २६ तारखेला आला असेल, तर तो सरळ एक महिना मागे पडतो. माझ्याही टेबलावर अशा फाइली पडून राहिल्या आहेत. त्या वेळी मी वर विचारायला हवे होते आणि प्रत्येक वेळी विचारले नाही, याची मला आज खंत आहे.

या सगळ्यात कामगाराचा दोष कुठे आहे? कमी करण्याचा निर्णय कंपनीचा असतो आणि तो काही त्याच संध्याकाळी घेतलेला नसतो. पत्र टाइप होण्याच्या आधी दोन-तीन आठवडे तरी व्यवस्थापनाला तो माहीत असतो. मग त्या काळात स्टोअर आणि टूल रूममधून त्याच्या नावावर काय आहे त्याची यादी मागवणे, रजेचा शिल्लक हिशेब पक्का करणे आणि पत्राबरोबरच रकमेचा तक्ता हातात देणे सहज शक्य आहे. मी ज्यांच्या हाताखाली काम शिकलो ते जुने हेडक्लार्क असेच करीत. एखाद्याला कमी करण्याची नोंद आली की ते आधी त्याची सर्व्हिस फाइल मागवायचे आणि म्हणायचे, "माणूस गेटबाहेर पडायच्या आधी त्याचा कागद तयार पाहिजे."

कंपन्यांकडून एक मुद्दा हमखास मांडला जातो की, माणसाकडे कंपनीची वस्तू किंवा उचल शिल्लक असेल तर पैसे आधी कसे द्यायचे. हा मुद्दा खोटा नाही. त्याचे उत्तर कायद्यातच आहे. उचल वळती करता येते. कामगाराच्या ताब्यात दिलेल्या मालाचे नुकसान त्याच्या हलगर्जीपणामुळे झाले असेल तर तेही कापता येते. पण नुकसानीच्या रकमेपेक्षा जास्त नाही, आणि त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय नाही. सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत, असेही बंधन आहे. म्हणजे सेफ्टी शूजचा जोड परत आला नाही म्हणून शूजची किंमत वजा करणे ठीक. त्या जोडासाठी २५,००० रुपये अडवून ठेवणे बेकायदा आहे.

ग्रॅच्युइटीबद्दल, म्हणजे केलेल्या नोकरीच्या वर्षांच्या हिशेबाने नोकरी सुटताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेबद्दल, थोडे वेगळे लिहावे लागेल, कारण लोक सगळे एकात मिसळतात आणि त्यामुळे विलंब करणाऱ्याचे फावते. ग्रॅच्युइटी वेतनाच्या व्याख्येत येत नाही, म्हणून तिला दोन दिवसांची मुदत नाही. तिला ती देय झाल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे आणि त्यानंतर साधे व्याज द्यावे लागते. वर सांगितलेल्या तरुणाची ग्रॅच्युइटी २०,८०० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ६ वर्षे, अशी ७२,००० रुपये होते. सामाजिक सुरक्षा संहितेमुळे ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्यांना आता पाच वर्षे थांबण्याची गरज राहिलेली नाही, आणि हंगामी आस्थापनेतील कामगारांना दर हंगामामागे सात दिवसांच्या वेतनाइतकी ग्रॅच्युइटी मोजायची असते. आपल्याकडच्या आंबा कॅनिंगमध्ये, काजू कारखान्यांत आणि मासळी प्रक्रियेत वर्षानुवर्षे त्याच ठिकाणी हंगामाला जाणाऱ्या बायकांपैकी ही गोष्ट ठाऊक असलेली बाई मला अजून भेटलेली नाही. याउलट शिल्लक रजेचे पैसे मात्र ग्रॅच्युइटीबरोबर अडवता येत नाहीत. कारखान्यातून काढलेल्या कामगाराला तेही दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत द्यायचे आहेत, आणि ही तरतूद जुन्या कारखाने अधिनियमातही होती. भविष्य निर्वाह निधीचा दावा तर पूर्णपणे वेगळा. तो निधी कार्यालयाकडे जातो. पण कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली नाही तर तोही रखडू शकतो, म्हणून ती नोंदही अखेरच्या हिशेबाबरोबरच व्हायला हवी.

कंत्राटी कामगारांची गोष्ट याहून अवघड आहे. आपल्या औद्योगिक वसाहतींत आज निम्म्याहून जास्त चेहरे कोणत्या ना कोणत्या ठेकेदाराच्या हजेरीवर असावेत असे मला दिसते. कंत्राट बदलले की जुना ठेकेदार म्हणतो, कंपनीने माझे बिल दिले नाही. कंपनी म्हणते, तो तुमचा आणि ठेकेदाराचा प्रश्न आहे. कायद्याने तो केवळ ठेकेदाराचा प्रश्न नाही. ठेकेदाराने वेतन दिले नाही तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कंपनीवर, येते, आणि हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून तसेच आहे. बिलाचा वाद त्या दोघांनी नंतर मिटवावा. घाम गाळलेल्याने त्यासाठी थांबायचे कारण नाही.

आणखी एक प्रकार आहे तो कागदावर सही घेण्याचा. पैसे देताना रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेली एक छापील पावती पुढे करतात. तिच्यात "माझे सर्व येणे पूर्णपणे मिळाले असून यापुढे माझी कसलीही तक्रार किंवा मागणी राहिलेली नाही" अशा अर्थाचे वाक्य असते, आणि रकमेची जागा कधी कधी कोरी असते. ७० दिवस थांबलेला माणूस ते वाचत नाही, किंवा वाचूनही सही करतो. मी अनेकांना सांगत आलो आहे की, रक्कम आणि तारीख भरलेली असल्याशिवाय सही करू नका, आणि काही येणे बाकी असेल तर सहीच्या वर "उर्वरित हक्क राखून स्वीकारले" असे स्वतःच्या हाताने लिहा. कायद्याने मिळालेला वेतनाचा हक्क सोडून देण्याचा करार मुळातच रद्दबातल ठरतो, असे वेतन संहितेत स्पष्ट म्हटले आहे. म्हणून नियुक्तिपत्रात ४५ दिवसांची अट छापून घेतली तरी ती दोन दिवसांच्या मुदतीवर मात करू शकत नाही. परंतु कोर्टकचेरीत ते सिद्ध करीत बसण्यापेक्षा सही करताना चार शब्द लिहिणे सोपे आहे.

तारकर्ली-मालवणपासून दापोली-मुरुडपर्यंत समुद्रकाठी जी हॉटेले, रिसॉर्टे आणि खानावळी उभी राहिली आहेत, त्यांच्या मालकांची अडचण मी समजू शकतो. चार-पाच पोरे कामाला, लेखापाल नाही, दिवाळी आणि मे महिन्यात पैसा येतो आणि पावसाळ्यात येत नाही. पण मे अखेरीला हंगाम संपला म्हणून ज्या मुलाला घरी पाठवायचे, त्याचा मे महिन्याचा पगार गणपतीला देतो असे सांगणे न्यायाचे नाही, कारण त्या मुलाने वाढलेल्या ताटांचे पैसे मालकाला मे महिन्यातच मिळालेले असतात. वेतन संहिता लहान आस्थापनांनाही लागू आहे, हेही या मालकांनी लक्षात घ्यावे.

खरे तर वेळेवर हिशेब चुकता करण्याची रीत आपल्या कोकणाला परकी नाही. आंब्याच्या बागांतून राखणीला नेपाळहून माणसे येतात. आमच्या भागात त्यांना सरसकट गुरखे म्हणतात. मी लहानपणापासून पाहत आलो आहे की, जूनच्या सुरुवातीला आंबा उतरला की माझ्या मामांसारखे जुने बागायतदार गुरख्याला खळ्यात बसवून वहीतली उचल वाचून दाखवीत, उरलेली रक्कम त्याच्या हातात मोजून देत, आणि मग त्याला गाडीला पोहोचवीत. मामांकडे एचआर नव्हते, संगणक नव्हता. इतक्या लांब जाणारा माणूस पैशांसाठी परत येऊ शकणार नाही, एवढे त्यांना कळत होते. गुहागरच्या किंवा मंडणगडच्या खेड्यातून औद्योगिक वसाहतीत येणाऱ्या कामगारालाही प्रत्येक खेपेला दिवस मोडून यावे लागते, आणि बिहार-झारखंडहून आलेला कामगार तर एकदा गावी गेला की त्या पैशांवर पाणीच सोडतो. हे पैसे मग कोणाकडे राहतात, हे सांगायची गरज नाही.

ज्यांचे पैसे अडले आहेत त्यांच्यासाठी मार्ग आहे, आणि तो लोक समजतात तितका कठीण नाही. वेतन संहितेच्या कलम ४५ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे दावा करता येतो. तो कामगार स्वतः करू शकतो, त्याची संघटना करू शकते, निरीक्षकही करू शकतो. पूर्वी त्यासाठी एक वर्षाची मुदत होती, आता ती तीन वर्षे आहे. मूळ रकमेखेरीज तिच्या दहा पटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे, कामगारावर नाही. त्यामुळे आपल्याकडे कागद नाहीत म्हणून कोणी मागे हटू नये. कमी केल्याचे पत्र, शेवटच्या दोन-तीन पगारपावत्या, बँकेचे पासबुक आणि हजेरीचा काही पुरावा, अगदी सुपरवायझरने मोबाइलवर पाठवलेला पाळीचा संदेशसुद्धा, जपून ठेवावा. मालकाला पाठवायचे मागणीपत्र स्पीड पोस्टाने पाठवावे किंवा ई-मेल करावा. तोंडी विनंतीची नोंद कुठेच राहत नाही.

माझी कामगार विभागाकडे विनंती आहे की, जिल्ह्यातील प्रत्येक औद्योगिक वसाहतीच्या प्रवेशद्वारापाशी आणि मोठ्या एसटी स्थानकांवर या दोन दिवसांच्या मुदतीचा मराठी आणि हिंदी फलक लावावा, आणि आस्थापनांची तपासणी करताना मागील वर्षभरात सोडून गेलेल्यांची यादी व त्यांना पैसे दिल्याच्या तारखा मागवाव्यात. एवढी एक यादी मागवली तरी बराच फरक पडेल, हे मी पगाराच्या टेबलामागे बसलेला माणूस म्हणून सांगतो, कारण तपासणीत ज्या रजिस्टरची मागणी होते तेच रजिस्टर कंपन्या वेळेवर लिहितात. याच संहितेच्या कलम १७ मध्ये सरकारला परिस्थिती पाहून वेगळी मुदत ठरवण्याचाही अधिकार ठेवलेला आहे. मालकांच्या सोयीसाठी त्या अधिकाराचा वापर करून ४५ दिवसांची सवय मागच्या दाराने कायद्यात आणली जाऊ नये, याकडे आपल्या लोकप्रतिनिधींनी लक्ष द्यावे. उद्योजकांच्या संघटनांनाही मी आग्रहाने सांगेन की, 'नो ड्यूज'चा फॉर्म कामगाराच्या हातात न देता तो विभागांनी आपापसांत फिरवावा आणि पत्र देण्याच्या आधी पूर्ण करावा.

वर उल्लेख केलेल्या तरुणाला पगार आणि रजेचे पैसे मिळाले; विलंबाबद्दल त्याला एक शब्दही लेखी मिळालेला नाही, आणि ७२,००० रुपयांची ग्रॅच्युइटी हे पत्र लिहीपर्यंत आलेली नाही. तिचा अर्ज मी त्याला लिहून दिला आहे आणि कंपनीला तो पोहोचल्याची पोस्टाची पावती त्याच्या फाइलला लावली आहे. येत्या सोमवारी सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही दोघे कामगार कार्यालयात जाणार आहोत. ज्यांची अशीच प्रकरणे पडून आहेत त्यांनी आपापले कागद घेऊन निघावे.

आपला नम्र,
एक निवृत्त वेतन-लिपिक,
चिपळूण, जि. रत्नागिरी